मळ्यात ठेवलेला खोका

"नवनीतना ताटले हात नका लावू!" रंजिता सासूवर ओरडली आणि तापीबाईंनी हातातली पोळी परत टोपलीत ठेवली... आज सात वर्षांच्या नवनीतला जाऊन वर्ष झालं, आणि नातवाचं पान वाढण्याचा अधिकारही या अभागी आजीला उरला नव्हता!

नवनीतच्या हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणंच थांबलं होतं. रंजिताला तेव्हा दिवस गेलेले. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, त्यातल्या मूळपेशी जुळल्या तर पोरगा वाचू शकेल. पण भावंडांत चारात एकाचंच पूर्ण जुळतं, आणि जुळलं तरी पेशी पुरतीलच असं नाही. रक्त भरायच्या पिशवीचा खोका ब्राह्मणपुरीला घरी आला. पण जन्माआधी बाळाची वस्तू घरात आणणं अशुभ, म्हणून तो मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेला... आणि कळा आठ दिवस आधीच सुरू झाल्या! धावपळीत खोका कोणाला सापडेना. शहाद्याच्या दवाखान्यात भाविका जन्मली, नाळ कापली, ते रक्त वाया गेलं.

मागाहून खोका मळ्यात सापडला तेव्हा "मी ठेवा व्हता मळामा," एवढंच तापीबाई म्हणाल्या. चार महिन्यांनी नवनीत गेला.

तेव्हापासून सून त्यांच्याशी बोलत नव्हती. आणि तापीबाईंना चुलीपाशी बसलं की पाठीमागून ऐकू यायचं, "आजी, मन्हं रगत कोठे शे?" वळावं तर कोणी नाही! जुळलं असतं का ते? आता कोणालाच कधी कळणार नव्हतं...

"बस कर व पोरी!" वर्षश्राद्धाला आलेली रंजिताची आई, रंजनाबाई, कोपऱ्यातून ऊर बडवत उठली. "तुन्हा बाळंतपणले मी उनू, तो खोका दखा अन् मन्हा जीव घाबरना... मीच ठेवा तो मळामा, अन् कळासनी गडबडमा मन्हा ध्यानमा ऱ्हायना नही! ह्या माउलीनी मन्हं पाप पोटमा घालं!"

रंजिता गर्रकन आईकडे वळली. मग किंचाळली, "निंघी जाय! मन्हा घरमा पाय ठेवू नको!" आणि सासूच्या पायांवर कोसळली. "आत्या, तुम्ही कसाले बोलन्या नहीत?"

तापीबाईंनी तिला उराशी धरलं. "सासूवर राग धरीसन बाई जगी जास, पोरी. मायवर धरती, तं रडाले कोठे जाती?"

त्यांनी सुनेचा हात धरला, दारापर्यंत गेलेल्या रंजनाबाईला परत बसवलं आणि रंजिताचं डोकं आईच्या मांडीवर टेकवलं.

"आते रड, पोरी," त्या म्हणाल्या.