इतिहासाच्या वीस जागा

"ही खुर्ची नेऊ का?"

उन्नतीनं मान वर केली. समोर निळा शर्ट, गळ्यात तिच्याच विद्यापीठाचं ओळखपत्र, आणि एक हात खुर्चीच्या पाठीवर… परवानगीच्या आधीच!

"ती रिकामी नाहीये."

"कोणी बसलेलं तर दिसत नाही."

"यायचेत अजून."

तो हसला. हसताना एकच गाल खोलवर दबला, आणि उन्नतीला उगाचच माहितीपत्रकं सारखी करावीशी वाटली.

"मी तेजस वाळिंबे. शेजारी डेटा सायन्सला. याच महिन्यात जॉइन झालोय. आमच्याकडे पालक ताटकळत उभे आहेत हो, म्हणून विचारलं."

"मी उन्नती म्हात्रे. इतिहास. एक न्या. दुसरीला हात लावायचा नाही."

वाशीत तीन दिवसांचा प्रवेश मेळावा भरला होता. सेंट ब्रिजिड विद्यापीठ तसं छोटंसंच. नर्सिंग, समाजकार्य, बालशिक्षण, डेटा सायन्स आणि इतिहास, एवढाच पसारा. पण कुलगुरू सिस्टर फिलोमिनांनी स्पष्ट सांगितलं होतं – रविवारी पाचपर्यंत वीस प्रवेश झाले नाहीत, तर यंदापासून बी.ए. इतिहास बंद. झाले होते सहा. उन्नती याच विभागात शिकली, दोन वर्षं तिथंच शिकवत होती. पुण्याच्या एका शाळेचं बोलावणं तिच्या मोबाइलमध्ये पडून होतं. सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं.

दुपारी तेजस कोकम सरबताचे दोन ग्लास घेऊन आला आणि हक्कानं समोर बसला.

"खुर्चीचं भाडं," म्हणाला. "आता सांगा, नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टरांना इतिहास कशाला लागतो?"

थट्टेत विचारलं होतं त्यानं. पण उन्नतीचे डोळे एकदम उजळले.

"चार सिस्टर आल्या होत्या बाहत्तर साली. नवं शहर वसायचं होतं, आमच्या लोकांच्या जमिनी जात होत्या. सिस्टरांनी मिठागराशेजारी एक खोली घेतली. अकरा मुली जमल्या. जखम कशी बांधायची, बाळंतपण कसं करायचं, ते शिकवलं. तो पहिला वर्ग! पुढं त्याचं कॉलेज झालं, आत्ता-आत्ता विद्यापीठ. आणि अठ्ठ्याऐंशीत त्या चौघींतल्या सिस्टर ॲग्नेस म्हणाल्या, या लोकांची शेतं गेली, निदान त्यांची गोष्ट तरी लिहून ठेवूया. म्हणून इतिहास सुरू झाला."

तेजसच्या हातातलं सरबत तसंच राहिलं होतं.

"हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?"

"सांगते की. माहितीपत्रकात पान चार—"

"पान चार कोण वाचतं, म्हात्रे मॅडम? मी तर… तुमच्याकडेच बघत होतो."

उन्नती लाजली, आणि लाजल्याचा तिला रागही आला.

"कीव येतेय का आमच्या विभागाची?"

"छे! स्वार्थ आहे माझा." कुठला ते न सांगताच तो उठून गेला.

शनिवारी सकाळी त्यानं कमालच केली. आपल्या गर्दीपुढं उभा राहून तो म्हणाला, "फॉर्म भरायला वेळ लागेल. तोवर शेजारी मॅडम आपल्या विद्यापीठाची गोष्ट सांगताहेत, ऐकून या!" पन्नास माणसं वळली. उन्नतीनं हातातली पत्रकं खाली ठेवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हलकेच मान हलवली – बोला ना…

ती बोलली. नावं घेत, गावं सांगत बोलली. गोष्ट संपल्यावर एक मुलगी पुढं आली. नूरीन, उरणजवळच्या मोऱ्याची.

"मॅडम, माझे आजोबा लाँचवर होते. आमच्या बंदराचा इतिहास आहे का तुमच्याकडे?"

"अजून कोणी लिहिला नाही," उन्नती म्हणाली. "तू लिहिशील?"

नूरीननं तिथल्या तिथं पेन मागून घेतलं.

संध्याकाळी उन्नती आणि तेजस नकाशे घेऊन बसले. गेलेल्या शेतांचे जुने नकाशे संगणकावर कसे चढवायचे, ते तेजस इतिहासाच्या मुलांना शिकवणार, असं ठरलं. "असं काम येणाऱ्यांना नोकऱ्या आहेत," तो म्हणाला. सिस्टर फिलोमिनांनी फोनवरच होकार दिला. नकाशावर बोट फिरवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली… आणि कोणीच हात चटकन मागं घेतला नाही.

रविवारी साडेचारला आकडा एकोणीसवर आला आणि अडला.

पावणेपाच. पाचला दहा कमी. उन्नती हळू आवाजात म्हणाली, "नाही झालं तर मी पुण्याला जाईन, तेजस."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे… आत्ता सांगताय?"

तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई तरातरा आत आल्या.

"म्हात्र्यांची पोर तूच ना? नूरीनच्या आजीनं सांगितलं मना. मी मालती. त्या अकरा पोरींतली. चाळीस वर्सं नर्स होतू. आता मना पन नाव लिवाचं हाय."

"मावशी, तुम्ही… बी.ए. करणार?"

"का? वयाची अट हाय?"

"नाही!" उन्नती आणि तेजस एकदमच ओरडले.

मालतीबाईंनी ठसठशीत सही केली. वीस! त्यांच्या मागोमाग आणखी दोघांनी फॉर्म मागितले. सिस्टर फिलोमिना स्वतः आल्या, बावीस फॉर्म मोजले आणि मालतीबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. मग एवढंच म्हणाल्या, "वेळापत्रक लावा, उन्नती. पहिला तास मालतीबाईंचा. तो त्या घेतील."

सगळीकडून टाळ्या पडल्या. उन्नतीनं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि पुण्याला कळवून टाकलं – नाही येत.

तेजस शेजारीच उभा होता, उगाच बॅनरची दोरी सोडवत.

"काय लिहिलंत?"

"नकार. आता तुमचा तो स्वार्थ सांगा."

"तो… म्हणजे… विभाग राहिला तर तुम्ही राहाल, एवढाच." तो गडबडला. "शुक्रवारी खुर्ची न्यायला आलो ना, तेव्हा आमच्याकडे चार रिकाम्या होत्या."

उन्नती खळखळून हसली. मग त्याच्या हातातली दोरी तिनं काढून घेतली.

"मला आवडता तुम्ही, तेजस. सगळ्यांसमोर सांगू, की एवढं पुरे?"

"सगळ्यांसमोर," तो म्हणाला.

आणि तिनं खरंच सांगितलं.