गुरुवारची कॅसेट

एका गुरुवारी मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी नेकनूरच्या बसची वाट बघत होते आणि तोवर एका सीताफळवाल्याशी हुज्जत घालत होते, की ही फळं कच्ची आहेत. त्याच्या जुनाट पिकअपमध्ये टेप चालू होता. कसलीशी विलायती गिटार, लांबच लांब... आणि गाणं मधेच थांबून एका माणसाचा आवाज आला —

"कॅसेट पलटवा. गाणं अजून संपलं न्हाई."

हातातलं सीताफळ खाली पडलं. तो आवाज माझ्या अण्णांचा होता, आणि अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

नेकनूरला अण्णांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक मागायचं भजनं नि कव्वाल्या, पण ह्यांचा जीव त्या एका बँडवर. पन्नास वर्षं वाजवत राहिलेला बँड. गाणारे बदलले, वाजवणारे बदलले, पण थांबला म्हणून नाही. त्यांच्या अठराच्या अठरा रेकॉर्ड अण्णांनी कॅसेटवर उतरवल्या होत्या. सातवीतलं गाणं एका बाजूत मावेना, म्हणून तेवढ्या एका जागी अण्णा स्वतः बोलले होते. आणि नेमकी तीच कुणीतरी नेली. त्यांचा आवाज दुसरा कुठेच उरला नव्हता.

पिकअपवाल्याचं नाव अंगद. मी रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने मामाची गाडी घेतली तेव्हा त्यात ही कॅसेट सापडली, नऊ वर्षं तो एवढीच ऐकत होता. त्या बँडनं आणखी काही काढलंय, हेही त्याच्या गावी नव्हतं. त्याने कॅसेट काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"अहो, तुमच्याकडं ही एकच हाय," मी म्हटलं.

"तुमच्याकडं वडलांचा तेवढाबी आवाज न्हाई. न्या."

बस आली. येड्याने माझा नंबरसुद्धा मागितला नाही.

पुढच्या गुरुवारी मी पहिली कॅसेट घेऊन फाट्यावर हजर. उपकार फेडायचेत, असं आईला सांगितलं होतं. मग दर गुरुवारी एक. पिकअपची दारं सताड उघडी ठेवून आम्ही ऐकायचो. आठवीत गाणारा बदलला तर हा रुसून बसला, म्हणे जुना लई जीव लावून गायचा. मी अण्णांसारखी नव्याची बाजू घेऊन भांडले, तर त्याने सीताफळ फोडून पुढे केलं. एकदा डोळे उघडले तर तो हसत होता.

"कावून हसता?"

"तुमी डोळे मिटून ऐकता ना... तेवढ्यात मला बघून घेता येतं."

त्या दिवशी गिटार कुठे वाजली, मला काही आठवत नाही.

सीताफळं संपली, हुरडा आला आणि सतराव्या गुरुवारी अठरावी कॅसेट वाजून संपली. अंगदने ती काढून माझ्यापुढे धरली. माझ्याकडे बघेना.

"झाल्या सगळ्या," तो म्हणाला. "आता तुमी... कशाला याल इकडं?"

मला खरं तर किती बोलायचं होतं. तुझ्यामुळे आई रोज अण्णांचा आवाज ऐकून चहा ठेवते, तुझे उपकार मला फेडायचेच नाहीत... पण मी पिशवीतून सातवी कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि बाजू संपत आली तिथवर पुढे नेली.

"कॅसेट पलटवा. गाणं अजून संपलं न्हाई."

अंगद माझ्याकडे बघतच राहिला.

"ऐकलंत ना?" मी म्हटलं. "अण्णा सांगतायत."

त्याने कॅसेट पलटवली, आणि मी मनातल्या मनात अण्णांना हात जोडले.