कॅम्पातला पुढारी

पवनेच्या काठी एक जवान गडी म्हशींपुढं भाषण ठोकत होता. म्हशी पाण्यात निवांत बसलेल्या, नाकपुड्या तेवढ्या वर... आणि हा दगडावर उभा राहून हात उगारत होता. "बंधूंनो, आपण आता जागं झालं पाहिजे!"

"कशाला जागं करताय?" मागून आवाज आला. "आत्ता कुठं बसल्यात त्या. उठून उसात शिरल्या तर तुमीच बाहेर काढा."

गोप दगडावरून पडता पडता वाचला. मागं एक मुलगी उभी होती. हिरवं लुगडं, हातात छडी, आणि हसू दाबून दाबून फुगलेले गाल. ही गावातल्या अर्जुनरावांची मुलगी हौसा. रोज सकाळी निर्वासितांच्या कॅम्पात दुधाचा रतीब घालायची. गोपच्या घरीही तिचंच दूध येई, पण ते आई घ्यायची. त्यामुळं दूध ओळखीचं आणि मुलगी अनोळखी, असा प्रकार होता.

"मी... सराव करत होतो," गोप म्हणाला.

"दिसतंय की. म्हशींची मतं पडत्यात व्हय?"

आता हा गोप कोण, ते सांगायला हवं. गोप सिंधी. फाळणीत कराचीहून बोटीनं आईबापांबरोबर आला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पिंपरीच्या कॅम्पात बराकीतली एक खोली मिळाली, त्याच खोलीत बाप तापानं गेला. पोरगा मात्र हिमतीचा. मुंबई-पुणे रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि चालवून दाखवलं. गावातले लोक पंक्चर काढून घेत, आणि जाता जाता म्हणत, "निर्वासिताच्या हाताला गुण हाय बरं का!" कौतुकच ते. पण गोपच्या ते जिव्हारी लागे. इथलं पाणी पिऊन मोठं झालो, अजून किती दिवस पाहुणा म्हणून राहायचं?

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन रंगात आली होती. पिंपरीच्या तरुण दलात गोप पहिल्यापासून होता. भिंती रंगवल्या, पुण्याच्या मोर्चात पाठीवर लाठी खाल्ली. आता दलाचा प्रमुख निवडायचा होता, आणि गोपला प्रमुख व्हायचं होतं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"'बंधूंनो' नका म्हणू," हौसा म्हणाली. "आमच्यात बंधू एकदम कोर्टात भेटत्यात."

"मग काय म्हणू?"

"आधी पारावर जाऊन बसा. कुणाची म्हस व्याली, कुणाचा ऊस तुटला, इचारा. मग बोला. अन् त्ये हात खाली घ्या... वारा घालताय जणू."

गोपनं हात खाली घेतले. त्यानंतर त्याचा सराव रोज काठावरच होऊ लागला, आणि हौसाच्या म्हशींनाही रोज पाणी दाखवायची गरज पडू लागली. त्या थंडीत अख्ख्या पिंपरीत सगळ्यात स्वच्छ म्हशी अर्जुनरावांच्या होत्या.

"पुढारी झाल्यावर आमाला इसरू नका म्हंजे झालं," एकदा ती म्हणाली.

"म्हशींना विसरेन. तुला कसा—"

"तुला?" तिनं भुवई उडवली. "काल तर मी तुमी व्हते."

गोपचे कान तापले. ती वळून चालू लागली, पण तिनं दोनदा मागं बघितलं. कारण नसताना.

सभेच्या आदल्या दिवशी हौसा दुकानावर आली. गोप चाकात हवा भरत होता. तिनं पदराखालून नारळ काढला, वर खडीसाखरेची पुडी ठेवली.

"भैरोबाचा परसाद हाय. हितं ठिवू नका, आईच्या हातात द्या."

"आणि काही?"

"आन् काय... जिंकून या." एवढं बोलून ती पटकन गेली.

गोपच्या डोक्यात उद्याचं भाषण घोळत होतं. गावाकडची माणसं कुठल्याही कामाला नारळ-खडीसाखर देतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं ते नेऊन आईला दिलं. "अर्जुनरावांच्या मुलीनं दिलंय, अम्मा." अम्मानं एकदा नारळाकडं पाहिलं, एकदा लेकाकडं, आणि डोळे पुसले. गोपला वाटलं, कांदा चिरत असेल.

सभा देवळापुढच्या पटांगणात भरली. समितीचे नानासाहेब अध्यक्ष. गोपच्या विरुद्ध सयाजी उभा होता. पैलवान गडी, मनानं सरळ, पण बोलायला लागला की समोरच्याला आडवाच करायचा.

"दल मराठी राज्यासाठी," सयाजी म्हणाला, "आन् पुढारी सिंधी? हसतील की राव लोक!"

लोक हसलेच. गोप उठला. हात खाली ठेवले.

"सयाजीभाऊ, माझा मुलूख गेला तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आपल्या भाषेचा मुलूख नसला म्हणजे काय होतं, ते मला विचारा. म्हणून लाठी खाल्ली मी. हौस म्हणून नाही."

कुणीतरी "शाब्बास!" म्हणालं. गोपची छाती भरून आली. आणि तेवढ्यात देवळाच्या कमानीतून कॅम्पातल्या बायका आत शिरल्या. पुढं अम्मा, हातात लाल कापडानं झाकलेलं मिठाईचं ताट.

"लख लख वाधायूं!" अभिनंदन करत अम्मा थेट अर्जुनरावांपुढं जाऊन उभी राहिली. "आपकी मिसरी पोहोचली. माझ्या पुटला, माझ्या लेकाला, तुमची मुलगी... मी लई खूश आहे!"

सिंध्यांत मुलीकडून नारळ आणि मिसरी, म्हणजे खडीसाखर, आली की सोयरीक पक्की. हे गोपला पाळण्यापासून ठाऊक होतं, आणि काल नेमकं आठवलं नव्हतं! अर्जुनराव तर काळेठिक्कर पडले.

नानासाहेबांनी मात्र मिशीवरून हात फिरवला. मुरलेले गृहस्थ. "अरे, मग भांडण कशाचं? गोप गावचा जावई झाला, तर बाहेरचा कसा? बोल रं पोरा, मिसरी घेतलीस ना? हो म्हण, पद तुझंच."

दहा-वीस हात वर व्हायलाही लागले. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. गोपनं देवळाच्या ओट्याकडं पाहिलं. बायकांच्या घोळक्यात हौसा उभी होती, मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"नाही," गोप म्हणाला. "अम्माचा गैरसमज झाला. तो देवाचा प्रसाद होता. मुलीचं नाव पुढं करून मला पद नको."

वर आलेले हात खाली गेले. सयाजी निवडून आला. अम्मा ताट घेऊन मुकाट परत फिरली, आणि ते गोपला हरण्यापेक्षा जास्त लागलं.

तो देवळामागं येऊन बसला. हौसा तरातरा आली.

"मोठं सत्यवान! भर गावात मला न्हाई म्हणाला तुमी!"

"तुझी अब्रू राखली मी, हौसा. तुला कुठं माहीत होतं, आमच्यात मिसरी म्हणजे..."

"कॅम्पात दूध कोण घालतं?" तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "कुणाच्या घरी कवा मिसरी आली, मला समदं ठावं हाय. आईच्या हातात द्या म्हणून का सांगितलं मी? घोळ आईनं न्हाई घातला. तुमीच घातला!"



"म्हणजे... तू..."

"व्हय. मी. दलाला तुमी नको असाल. मला हवं हाय."

गोपला रडावं की हसावं कळेना. पद गेलं होतं. इतक्या दिवसांची धडपड मातीत गेली होती, आणि खरं सांगायचं तर या घटकेला त्याला त्याचं काहीसुद्धा वाटत नव्हतं. तो उठला आणि धावत सुटला.

बाहेर सयाजीची मिरवणूक निघाली होती. हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. गोप सगळ्यांमधून वाट काढत अर्जुनरावांपुढं जाऊन उभा राहिला. हलगी थांबली.

"मला हौसाशी लग्न करायचंय," तो म्हणाला.

"मघाशी तर न्हाई म्हणालास."

"मघाशी पदाच्या बदल्यात होतं. आता माझ्याकडं पद नाही, जमीन नाही. सायकलचं दुकान आहे, अम्मा आहे. तरी विचारतोय."

"आन् पोरीला इचारलंस?"

"तिनंच झापून पाठवलंय."

सयाजी लोकांच्या खांद्यांवरून खो खो हसला. अर्जुनराव हसले नाहीत. भावकी काय म्हणेल, जात कुठली, भाषा कुठली, सगळं त्यांच्या कपाळावर आठ्या होऊन उभं राहिलं. मग त्यांनी गोपच्या अंगावर उडालेला गुलाल हातानं झटकला.

"अशा गोष्टी रस्त्यात बोलत न्हाईत," ते म्हणाले. "सांच्याला घरी ये. आन् त्या माउलीला रिकामी परत पाठवलीस ना, आधी तिची समजूत काढ. तिला संगं आणल्याशिवाय माज्या दारात पाऊल टाकू नगंस."