डाव्या सीटखालचं इंजिन

रामनगरात गॅरेजवाल्या अमोलच्या कानाचं भारी कौतुक. गाडी अजून रस्त्याच्या पलीकडं असतानाच तो हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा, "प्लग गेलाय," किंवा "क्लच घसरतोय," आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. अशा माणसाची स्वतःचीच व्हॅन मिसिंग मारू लागली, मधेच अडखळू लागली, तर लोक त्याला सोडतील होय? शेजारचा टायरवाला परशू रोज विचारायचा, "काय मिस्त्री, डॉक्टरलाच ताप आला व्हय?" अमोल हसायचा. हसू येत नसे, तरी हसायचा.

म्हणून त्या रविवारी त्यानं पान्यांचा डबा गाडीत टाकला आणि व्हॅन गॅरेजात न खोलता थेट घरी आणली. घर नंदिगड्ड्याच्या पुढं, जंगलात शिरलेल्या एका लहानशा वाडीत. त्याचे वडील रामचंद्र, त्याचे आप्पा, नुकतेच गेले होते. दिवसकार्य उरकलं होतं, पाहुणे पांगले होते, आणि आता आईला, इंदुबाईला, चार दिवस गुंद गावी तिच्या भावाकडं पोचवायचं होतं. रीतच आहे तशी. मामाचे निरोपावर निरोप येत होते आणि अमोल "गाडी नीट झाली की नेतो" म्हणून दिवस ढकलत होता. आज मात्र आईनं सकाळीच पिशवी भरून ठेवली.

भात कापून झालं होतं. खळ्यावर पेंढ्याचा ओलसर वास होता आणि सूर्य वर येऊनही दाट झाडांमुळं अंगणात ऊन असं पडलंच नव्हतं. अशा वाड्यांत थंडीच्या दिवसांत दुपार कधी होते ते कळतही नाही. सकाळ संपते आणि संध्याकाळ सुरू होते.

ही जुन्या धाटणीची व्हॅन ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, हिचं इंजिन पुढं नाकात नसतं. ते बसणाऱ्याच्या बुडाखाली असतं. डावी सीट उचलून मागं कलती केली की खाली सगळा संसार उघडा पडतो. अमोलनं सीट उचलली आणि कामाला लागला. प्लग काढले, पुसले, तपासले. कोरडे, छान तांबूस. कार्बोरेटर खोलून फुंकला. पेट्रोलचा फिल्टर तर नवाच होता. मग गाडी चालू ठेवून त्यानं एकेका प्लगची वायर काढून पाहिली. ज्या वायरीनं आवाज बदलत नाही, ते सिलिंडर आजारी, एवढा साधा हिशोब. पण प्रत्येक वायर काढली की गाडी लंगडायची आणि परत लावली की सुरळीत व्हायची. म्हणजे सगळीच सिलिंडरं धडधाकट. गाडी तर अशी चालत होती की टपावर पेला ठेवला असता तरी पाणी हललं नसतं.

त्याला हायसं वाटलं. कुठंतरी सैल झालेली वायर आपल्या हातानं घट्ट बसली असेल, असं म्हणून त्यानं सीट खाली पाडली.

खुक्. खुक्-खुक्. मग एक लांब घरघर.

त्यानं सीट उचलली. इंजिन शांत. सीट टाकली. खुक्. खुक्-खुक्...

दुसरा कोणी मिस्त्री असता तर म्हणाला असता, सीटखाली वायर चेमटतेय. अमोलही आधी तेच म्हणाला. सगळ्या वायरी त्यानं बाजूला बांधल्या, सीटच्या पत्र्याखाली हात घालून मोकळी जागा चाचपली. भरपूर जागा होती. त्यानं सीट पुन्हा टाकली आणि इंजिन पुन्हा खोकलं. तो आवाज त्यानं पहिल्याच दिवशी ओळखला होता. इतके दिवस तो ओळखला नाही असं दाखवत होता, एवढंच. इंजिन असं खोकत नाही. तो आप्पांचा खोकला होता.

आणि खरं म्हणजे तो आप्पांचाही नव्हता. तो काय होता ते फक्त अमोलला ठाऊक होतं. ते आठवलं की त्याचे कान तापायचे.

त्या वाडीची रीत जुनी. शिवेबाहेर मेलेलं माणूस शिवेच्या आत आणायचं नाही. त्याला बाहेरच, ओढ्याकाठी अग्नी द्यायचा. आप्पा बेळगावला इस्पितळात होते तेव्हा एकच धोशा लावायचे, "मला घरी ने." डॉक्टरांनीही शेवटी तेच सांगितलं. आईचे गुडघे गेलेले, तिला तिकडं जाता आलं नाही. तिनं निरोप धाडला होता, "जित्तं आण रं त्येंनला. एक घोट पाणी माझ्या हातानं जाऊ दे."

अमोलनं त्यांना पुढं, डाव्या सीटवर बसवलं, कारण आडवं झालं की त्यांना धाप लागायची. रामनगर मागं पडलं, जगलबेट मागं पडलं. गणेशगुडीचा पूल ओलांडला आणि आप्पांची मान कलली. अमोलनं गाडी बाजूला घेतली, नाकाखाली बोट धरलं, छातीला कान लावला. तो कान, ज्याचं एवढं कौतुक. आत काही वाजत नव्हतं.

तिथंच रडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं एका हातानं आप्पांचा खांदा धरला, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरलं आणि गाडी पुढं काढली. समोरून येणाऱ्याला काही वेगळं वाटू नये म्हणून तो बोलायला लागला. "आप्पा, जोयडा आलं बघा." "आप्पा, औंदा भात बरं हाय." एकदा सुरू केलं आणि मग थांबता येईना. सगळ्या वाटेवर तो मेलेल्या बापाला, आता बरं वाटेल, आता घर येईल, असं सांगत आला.

शिवेवर दिवेलागणीला म्हादूकाका उभे होते. गावातलं मोठं माणूस, शिवेच्या देवाची पूजाही तेच करायचे. काचेजवळ येऊन त्यांनी हाक दिली, "रामचंद्रा, हाईस न्हवं रं?"

आणि अमोलनं तोंड फिरवलं आणि आप्पांसारखा खोकला. हुबेहूब. म्हादूकाकांनी देवाच्या दगडाला हात जोडले आणि वाट दिली.

इंजिनाची धग सीटखालून येत होती, म्हणून आप्पांचे पाय घरी पोचेतो ऊन राहिले होते. अमोलनं त्यांना उचलून आत अंथरुणावर ठेवलं, आईनं पाय चाचपले आणि तिचा चेहरा उजळला. अमोलला ते बघवलं नाही. "गाडी लावून येतो" म्हणून तो बाहेर गेला आणि व्हॅनच्या मागं तोंड लपवून उभा राहिला. थोड्या वेळानं आतून आईची हाक आली, "प्यालं रं... पाणी प्यालं त्येनी... आता गेलं."

तेव्हापासून जो कोणी भेटायला येई त्याला इंदुबाई तेच सांगायची. माझ्या हातचं पाणी पिऊन गेलं. सांगताना तिचा आवाज कापायचा, पण त्यात समाधान असायचं. नवरा गेल्यावर तिच्याकडं तेवढंच एक उरलं होतं आणि अमोलच्या लेखी तेच खोटं होतं. ते तिला कधी कळू नये म्हणून तो आपल्या घरात चोरासारखा वावरत होता. आणि आज तिला याच गाडीत, याच सीटवर बसवून न्यायचं होतं. तिला तो खोकला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

उजेड उतरू लागला. पेंढ्याच्या वासात आता कसला तरी औषधी, इस्पितळासारखा वास मिसळला होता. गाडी चालूच होती, सीट खाली होती, आणि खोकला थांबत नव्हता. अमोलनं मागं वळून दार पाहिलं. आई आत होती, चुलीपाशी भांडं वाजत होतं. मग तो वाकला, अगदी सीटजवळ तोंड नेलं.

"आप्पा..."

खुक्. खुक्-खुक्.

"आप्पा, मी खोटं बोललो. तुम्ही... तुम्ही गणेशगुडीलाच गेला. पुलाच्या अलीकडं बोलत होता, पलीकडं... न्हाई. मी तुमाला सांगितलं न्हाई. वाटभर बोलत बसलो... शिवेवर मीच खोकलो, आप्पा. आईनं पाणी घातलं ते... तुम्ही नव्हता तेव्हा. तुमाला कुणी सांगितलंच न्हाई म्हणून तुम्ही हितं बसलाय न्हवं? उतरा आता. माझी लाज वाटत आसंल, तर वाटू दे... पण उतरा."

घरघर एकदा लांबली आणि थांबली. इंजिन एकसारखं, मऊ चालू लागलं. सीट खालीच होती. अमोलनं किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि सीटवर डोकं टेकून मुसमुसून रडला. एवढी शरम त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

मागं बांगड्या वाजल्या. इंदुबाई पायरीवर उभी होती. हातातल्या चहावर साय धरली होती, म्हणजे ती बराच वेळ तिथं होती.

अमोल तिच्या पायाशी बसला. वर बघायची त्याची हिंमत नव्हती. "आई... ऐकलंस व्हय?"

"ऐकलं."

"मला मार. पण काय तरी बोल."

"काय बोलू?" ती शांतपणे म्हणाली. "मला ठावं हाय ते. त्याच दिवशी कळलं."

"कुणी सांगितलं? म्हादूकाकांनी?"

"त्येनी सांगितलं."

अमोलनं वर पाहिलं. इंदुबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती डाव्या सीटकडं बघत होती.

"तू बाहेर गेलास न्हवं, तवा त्येनी पाणी मागितलं. डोळं मिटल्यालंच. तांब्या सगळा प्यालं... अंथरुणावर थेंब सांडला न्हाई. मी म्हटलं, बरं वाटतंय? तर म्हणालं..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणालं, 'मी गणेशगुडीलाच गेलो. पोराला सांगू नगं. बिचारं वाटभर माझ्यासंगं बोलत आलंय. मला कळलं न्हाई, असंच वाटू दे त्येला.'"

तापलेलं इंजिन निवताना पत्रा अधूनमधून टिकटिकत होता.

"शिवेवर तू खोकलास, ते मात्र मला आज कळलं," इंदुबाई म्हणाली. "म्हणून त्ये खोकत व्हतं व्हय इतके दिवस... तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून."

अमोलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बापाला फसवलं याची लाज त्यानं इतके दिवस बाळगली होती. पण बाप सगळं जाणून, मरूनसुद्धा, आपल्या खोट्याला साथ देत बसला होता, ही लाज फार मोठी होती. ती पेलायची कशी, हे त्याला कळेना.

"ऊठ," आई म्हणाली. "मामा वाट बघत आसंल."

तिनं घराला कडी घातली, पिशवी घेतली आणि व्हॅनचं मागचं दार सरकवून मागं बसली.

अमोल म्हणाला, "आई, पुढं बस की. गाडी झाली नीट."

"पुढं कुठं जागा हाय?"

तो आपल्या सीटवर बसला. डावीकडं पाहायचं नाही असं ठरवून त्यानं किल्ली हातात घेतली.

"पट्टा लाव त्येंनला," मागून आई हळूच म्हणाली. "वाट खराब हाय."

अमोलनं हात लांबवला. मान खाली घालूनच, चाचपत, त्यानं डाव्या सीटचा पट्टा आडवा ओढला आणि खटक्यात अडकवला. रिकाम्या सीटवर पट्टा सैल पडतो, पाठीला चिकटतो. हा चिकटला नाही. तो सीटपासून वीतभर पुढं, गोल राहिला. गाडी अजून चालू केली नव्हती, तरीही तो हळूहळू वर येत होता आणि हळूहळू खाली जात होता.