झील देऊ नका

मी देवभोळा माणूस. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की ताटावरून उठून पहिल्या रांगेत जाऊन बसतो. नारदाच्या गादीसमोर ज्यानं जन्मभर टाळी वाजवली, तो खोटं कशाला लिहील? तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. मला स्वतःलाच हे पटू नये असं वाटतं.

गाव आगाशी. १९८२ सालचा माघ महिना. वेळ दिवेलागणीची.

माझे भावोजी रामनाथबुवा कीर्तनकार होते. माझी थोरली बहीण हंसाताई त्यांच्या मागे उभी राहून झील धरायची. म्हणजे बुवा ओळ अर्ध्यावर सोडणार आणि मागचा माणूस ती उचलणार. झील मिळाली की बुवा पुढं जातात. नाही मिळाली, तर थांबतात. बाईमाणूस मागे उभं राहतं म्हणून लोक आधी कुजबुजले. मग तिचा गळा ऐकून गप्प झाले.

त्याआधीच्या दिवाळीनंतर अर्नाळ्याला कीर्तनाच्या मांडवाचा वासा निसटला, तो थेट भावोजींच्या मानेवर.

जीव वाचला. पण मानेतल्या नसा दुखावल्या.

आवाज गेला.

गिळणंही गेलं.

पाण्याचा थेंब दिला तरी तो श्वासनळीत उतरायचा आणि माणूस निळा पडायचा. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. दूध, पातळ पेज, सगळं त्या नळीतून. ज्यांचा आवाज कर्ण्याशिवाय तळ्यापलीकडं जायचा, ते आता पाटीवर लिहून बोलत.

पाटीवर बहुतेक एकच मागणं असे. 'एक पळी तीर्थ. माझ्या तोंडानं.'

शेजारच्या नंदाखाल गावची ग्रेसी मुंबईच्या एका इस्पितळात हेच काम करायची. बोलणं आणि गिळणं पुन्हा शिकवायचं. सुट्टीला घरी आली की ताईकडं यायची; मीही तेव्हा मदतीला तिथंच राहत होतो. बर्फात गार केलेला चमचा भावोजींच्या घशाला आतून लावायची. मग घट्ट पेज, अर्धा चमचा.

"हनुवटी छातीला लावा, बुवा. श्वास धरा. गिळा. आता खोका."

तिची दोन बोटं त्यांच्या कंठमण्यावर असत. कंठमणी वर उचलला गेला, तरच घोट नीट उतरला म्हणायचा.

मग आवाजाची पाळी. खुर्चीचे हात जोरानं दाबायचे आणि 'आ' म्हणायचं.

"नुसती हवाच येते, बुवा. पंक्चर कुठं आहे ते तरी सांगा!"

भावोजी हसायचे. त्या हसण्यालाही आवाज नसायचा.

"इतकी वर्षं मला बोलू दिलं नाही," ताई पदर खोचत म्हणायची. "आता निमूट ऐकायचं."

पौषात एकदा ग्रेसीचा चेहरा उजळला. "काकी, कंठमणी हलतोय! थोडासा, पण हलतोय. पाणी सगळ्यात अवघड, ते शेवटी. पण बुवांना तीर्थ मिळणार."

ताईनं देवापुढं साखर ठेवली.

आणि मग माघातली ती संध्याकाळ...

ताईनं समई लावली आणि आमच्यात येऊन बसली. देवघरात कुणी नव्हतं.

"म्हणा, बुवा. आ..."

भावोजींनी खुर्ची दाबली. तोंड उघडलं. हवा आली.

आणि देवघरातून...

"हरी..."

भावोजींचाच आवाज. पूर्वीचा, भरलेला, गोड.

"रेडिओ लावलाय का, काकी?" ग्रेसीनं हळूच विचारलं.

त्या घरात रेडिओ नव्हता.

आवाज थांबला होता... कशाची तरी वाट बघत.

ताईचे हात आपोआप जोडले गेले. इतक्या वर्षांची सवय. तिनं झील उचलली.

"नारायण..."

आतला आवाज पुढं गेला.

भावोजी डोळे फाडून आमच्याकडं बघत होते. हात हलवत होते. नको... नको...

ताई मात्र रडत होती आणि हसत होती. "अहो, देवानं तुमचा आवाज जपून ठेवलाय! आपल्याच देवघरात!"

त्यानंतर रोज दिवेलागणीला तो यायचा. ताई झील द्यायची. आवाज दिवसागणिक भरत गेला. खरं सांगतो, तसं गोड कीर्तन मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकताना डोळे मिटायचे.

उघडले की समोर भावोजी दिसायचे. वाळत चाललेले.

ग्रेसी पुन्हा आली. कंठमण्यावर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"काकी... हलत नाहीये."

"थकलेत ते."

"पूर्वी हलत होता. काकी, माझं ऐका. त्याला झील देऊ नका. आमच्याकडं रिकाम्या खोलीतून हाक आली, तर माणसं क्रूस करतात आणि गप्प बसतात. ओ देत नाहीत."

"तुझ्या देवाचं तुला ठाऊक, बाय. आमचा गातो."

भावोजींनी पाटी ओढली. त्यांनी लिहिलं...

'तो मी नाही.'

ताईनं वाचलं. पदरानं पाटी पुसून टाकली.

त्याच संध्याकाळी आवाज आला. ताईनं झील दिली. आवाज पुढची ओळ घेऊन मध्येच थांबला.

ताईनं पुन्हा झील दिली.

मग देवघरातून एक वेगळाच आवाज आला...

घटकन.

कुणीतरी घोट घेतला होता. सावकाश, तृप्त होऊन. लगेच दुसरा.

मी आत धावलो. समई जळत होती. तीर्थाची वाटी कोरडी होती. पळी तेवढी ओली.

बाहेर भावोजी स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

त्यानंतर कंठमणी कधीच हलला नाही. ग्रेसीनं गार चमचा बंद केला. "आता नळीच," एवढंच म्हणाली. अंगणात जाऊन रडली. तिची चूक काहीच नव्हती.

चैत्रात भावोजी गेले. शेवटच्या घटकेला ताईनं त्यांच्या तोंडात तीर्थ घातलं. एक पळी.

ते ओठांच्या कडेनं उशीवर वाहून गेलं.

त्या दिवसापासून देवघर मुकं झालं. ताई रोज समई लावून तिथं बसायची. कान देऊन. मी मात्र सुटलो म्हणत होतो.

गेल्या पंधरवड्यात मी तिच्याकडं गेलो होतो. चहा पिताना तिला ठसका लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.

"काय गं, ताई?"

"काही नाही रे..." आवाज पार बसलेला. नुसती हवा.

आणि देवघरातून, अगदी स्वच्छ, तिच्याच आवाजात...

"काही नाही रे..."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ताईकडं बघण्याची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून मी गेलो की ती माझ्यापुढं चहा ठेवते. स्वतः घेत नाही. विचारलं तर सांगते, नंतर घेईन.

खुणेनं सांगते.