तीस कोरे तक्ते

खाडीच्या सर्वेक्षणाची पद्धत सोपी होती. रोज दुपारी चार वाजता नावेत बसायचं, ठरलेल्या सहा जागांवरून सूर्य मावळेपर्यंत फोटो काढायचे आणि जे दिसेल ते तक्त्यात लिहायचं: प्रजाती, संख्या, वेळ. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी. खाडीच्या तोंडाशी मालधक्का व्हायचा होता, आणि त्या जागेत काय काय राहतं ते सरकारला कळवण्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं.

पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या सरांनी तीस कोरे तक्ते माझ्यापुढे ठेवले. "खाली सह्या करून ठेव. नावेत कागद भिजतात, सही पसरते. तू तिथे वहीत लिही, आकडे आपण ऑफिसात चढवू."

मी तीसही तक्त्यांवर सह्या केल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या संतापात पहिला वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे.

नाव तिथल्याच एका कोळी काकांची होती. खाडीच्या वळणावर तीन घरं, त्यांत त्यांच्या कुटुंबाची अकरा माणसं. काका फारसे बोलायचे नाहीत, ती कसर काकू भरून काढायच्या. मी परतले की त्या काठावर जाळं निवडत बसलेल्या असायच्या.

"काय गं, आज तरी बगळ्यानं मान सरळ ठेवली का?"

"ठेवली, काकू."

"मजा आहे त्याची. आमच्या लग्नात फोटोवाल्यानं आमच्यासाठी एवढा वेळ घालवला नव्हता."

"त्याला पैसे मिळाले होते," काका नाव बांधत म्हणाले, "चेहरा बघून पळाला."

महिनाभरात मी चार हजार फोटो काढले. ओहोटीला चिखल उघडा पडला की कोरल पक्षी लांब वाकड्या चोची खुपसत फिरायचे; एका संध्याकाळी चौसष्ट मोजले. तिसऱ्या जागेवर पाणमांजरांची जोडी होती, तीन पिल्लांसह. सूर्य टेकला की अख्खी खाडी तांब्याची व्हायची आणि पिल्लं त्यात काळे ठिपके होऊन पोहायची. असे फोटो आयुष्यात एकदाच मिळतात, असं मला वाटलं होतं.

सोमवारी अहवाल बांधणीला जाण्याआधी मी सहज चाळला. कोरल: शून्य. राखी बगळा: शून्य. पाणमांजर: शून्य. तीस पानं, आणि प्रत्येकाखाली माझी सही, जराही न पसरलेली.

"माझे फोटो कुठे आहेत?" मी सरांना विचारलं.

"कार्डं भरली होती. पुसली."

"आणि वही?"

"वही कंपनीची, कॅमेरा कंपनीचा." त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "सही तेवढी तुझी. बस, पाणी पी. पहिल्या नोकरीत सगळे असेच चिडतात."

 मी पेल्याला हात लावला नाही. अहवालाची एक प्रत पिशवीत कोंबली आणि निघाले. मालधक्क्याची सुनावणी गुरुवारी होती. मधल्या दोन संध्याकाळी हातात होत्या आणि घरी माझा स्वतःचा कॅमेरा होता.

मंगळवारी पहिल्या जागेवर चौदा कोरल होते. अंतर वीस मीटर, उजेड भरपूर. मी पंधरा-वीस फोटो घेतले आणि पडद्यावर पाहिले.

फक्त चिखल होता.

चिखलात चोच खुपसून पाडलेली भोकं होती, ताजी, पाणी झिरपत असलेली. पक्षी एकही नव्हता. मान वर केली तर चौदाच्या चौदा समोर चरत होते.

मी कार्ड बदललं, लेन्स बदलली, फोनवर काढून पाहिलं. यंत्र बिघडलं तर सगळंच बिघडतं. इथे चिखलावरची लाट न् लाट स्पष्ट येत होती. तिसऱ्या जागेवर पाणमांजरं पोहत गेली. फोटोत पाण्यावर पाच रेघा उमटल्या, त्यांच्या टोकाला कोणी नव्हतं.

चौथ्या जागेवर वाळत घातलेल्या जाळ्यांवर कावळे बसले होते. ते फोटोत आले. मला इतकं बरं वाटलं की मी मोजायला लागले. फोटोत बारा. समोर चाळीसच्या वर.

पुन्हा काढला. बारा. जागा बदलून काढला. बारा.

मी पिशवीतून अहवाल काढला. कावळे: १२. त्याच्या खाली भटकी कुत्री: ३. काठावर पाच कुत्री लोळत होती. त्यांचा फोटो काढून मी तो बराच वेळ मोठा करून पाहिला. तीन.

मग शेवटचं पान उघडलं. मानवी वस्ती: घरं शून्य, व्यक्ती शून्य.

"काका," मी म्हणाले, "जरा इकडे बघता का?"

त्यांनी कॉलर नीट केली, वल्हं उचलून धरलं आणि बघितलं. मी बटण दाबलं.

फोटोत नावेचं टोक होतं. वल्हं हवेत तिरकं थांबलं होतं, पात्यावरून थेंब गळत होते.

"दाखवा की, ताई."

"हललाय."

"मी तर हललो नाही," काका म्हणाले.

बुधवारी मी कॅमेरा नेला नाही. घरोघरी जाऊन सांगितलं: उद्या सगळे या. कागदावर काहीही लिहू देत, जिवंत माणसं समोर बसल्यावर धक्का तुमच्या डोक्यावर बांधता येणार नाही. हे मी इतक्या रागाने बोलत होते की काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "येतो गं. अकराही येतो. तू आधी दोन घास खा."

गुरुवारी सकाळी सुनावणीच्या हॉलमध्ये मी दारातच उभी राहिले आणि त्यांना मोजून आत घेतलं. अकरा. ठेवणीतले कपडे घातलेले, खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरवत शेवटच्या रांगेत बसले. मी त्यांच्या पुढच्या रांगेत बसले. सर पहिल्या रांगेत होते. मागे वळून त्यांनी मला मान हलवून ओळख दाखवली.

अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "हरकती?"

मी उभी राहिले. "सह्या माझ्या आहेत. आकडे माझे नाहीत. या सगळ्या खोट्या माहितीवर मी माझं नाव राहू देणार नाही."

"फोटो आहेत?"

"नाहीत."

"मग?"

"माणसं आहेत. शून्य लिहिलंय ना तिथे? अकरा जण आलेत. माझ्या मागे बसलेत. त्यांनाच विचारा."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या मागे पाहिलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांच्या नजरेत लबाडी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

"बाई, मागे कोणी नाही," ते म्हणाले.

मी वळले.

अकरा खुर्च्या होत्या. त्यांच्या मागे भिंत.

कोणी उठून गेल्याचा आवाज झाला नव्हता. दार बंद होतं. मी डाव्या टोकापासून मोजायला सुरुवात केली आणि माझा आवाज चढत गेला. कोणावर ओरडत होते ते मला माहीत नाही. सरांवर, अधिकाऱ्यांवर, त्या सहीवर.

"नोंद घ्या," अधिकारी कारकुनाला हळूच म्हणाले. "हरकत नाही."

तेव्हा अगदी समोरून, हातभर अंतरावरून, काकूंचा आवाज आला. त्या चिडलेल्या नव्हत्या.

"अगं, आमच्याकडे बघून सांग ना त्यांना. भिंतीकडे काय बघतेस?"