आरामशीनच्या आवाजात

देवकी फळ्यासमोर कागद धरून उभी राहिली आणि बघते तर डबीत एकही टाचणी नाही!

रामदासपेठेतल्या त्या वाचनालयात ग्रंथपाल मनोहररावांनी भिंतीवर एक हिरवा फळा लावला होता. कुणीही यावं, टोपणनावानं आपलं मत टाचावं. दुसऱ्यानं त्याखाली उत्तर टाचावं. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तिथं एकच वाद पेटला होता – नाटकात वऱ्हाडी बोली फक्त गड्याच्या आणि मोलकरणीच्याच तोंडी काहून? हा प्रश्न 'कंदील' नावाच्या कुणीतरी विचारला होता. 'लवंग' त्याला ठणकावून सांगत होती, की रंगमंचावर भाषा शुद्धच हवी.

ही लवंग म्हणजे सक्करदऱ्याच्या शाळेत शिकवणारी देवकी.

मागच्या शनिवारी कंदिलानं लिहिलं होतं – 'लवंगताईंना घरच्या बोलीची लाज वाटत असावी.' ते वर्मी लागलं. कारण पाहुणे आले, की 'तू बोलू नकोस गं' म्हणून आईला डोळ्यांनी दटावणारी देवकीच होती. म्हणून आजचं तिचं उत्तर चांगलंच झणझणीत होतं... पण टाचणी?

"ह्-ही घ्या."

शेजारी उभ्या असलेल्या उंच, सावळ्या तरुणानं फळ्यावरच्या एका कागदाची टाचणी काढून तिच्यापुढे धरली. त्याच्या स्वेटरवर लाकडाचा भुसा होता, आणि डोळे... डोळे भलतेच हसरे होते. टाचणी निघालेला कागद तरंगत देवकीच्या पायाशी आला. तिनं उचलला. खाली सही – कंदील.

"हा तुमचा कागद?" तिचा आवाज चढला.

तो मात्र तिच्या हातातलं उत्तर वाचत होता. "कंदील भ्-भगभगतो फार, उजेड मात्र पडत नाही..." तो खळखळून हसला. "लवंगताई, तुमी तं लयच ति-तिखट लिहिता!"

देवकीला राग टिकवून धरायचा होता, पण ओठ ऐकेनात.

त्याचं नाव मधुसूदन. लकडगंजात त्याच्या वडिलांची लाकूड चिरायची आरामशीन होती. बोलताना तो अडखळायचा. कागदावर मात्र त्याचं वाक्य सरळ तीरासारखं यायचं. त्या शनिवारी दोघं कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खायला गेली. मग पुढच्या शनिवारीही. फळ्यावर भांडण, गाडीवर पोहे.

"फळ्यावर मी माघार घेणार नाही हं," ती बजावायची.

"मी क्-कुठं मागून राहिलो?" तो म्हणायचा. "तुमी माघार घेतली, तं मी शनिवारी क्-काय करू?"

यावर देवकी आणखी झणझणीत तर्री मागून घ्यायची, आणि ठसका लागला की डोळ्यांतल्या पाण्याचा दोष तिखटाला द्यायची.

मग एका शनिवारी मधुसूदननं असं काही लिहिलं, की लवंगेला उत्तरच सुचेना. आठवड्यानं देवकी धुसफुसत वाचनालयात आली, तर फळ्याभोवती गर्दी! कंदील म्हणजे कोण, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणीतरी मोठ्या अक्षरांत टाचलं होतं – 'क-क-कंदील, आधी बोलायला शीक!' खाली तसल्याच आणखी चिठ्ठ्या. लोक हसत होते. "लवंगेची बाजू जिंकली!" कुणीतरी म्हणालं. आणि देवकी... देवकी गप्प राहिली. हरल्याची सल अजून ताजी होती. त्या एका क्षणी तिला बरंसुद्धा वाटलं.

मान वळवली तर दारात मधुसूदन. त्यानं चिठ्ठ्या पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं, आणि तो आल्या पावली निघून गेला.

पुढचा शनिवार आला. तो आला नाही. त्याच्या पुढचाही. गाडीवाल्यानं सवयीनं दोन प्लेट पुढे केल्या, आणि देवकी दोन्ही तशाच ठेवून निघाली.

तिनं वाचनालयात जाऊन त्या सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या आणि नवा कागद टाचला – 'भाषेबद्दलचं माझं मत तेच आहे. पण माणसाच्या अडखळण्यावर हसणारे माझ्या बाजूचे नाहीत. ते हसत होते तेव्हा मी गप्प राहिले. कंदिलाची मी माफी मागते.' खाली लवंग नव्हती. देवकी होती, आडनावासकट.

मनोहरराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, शाळेत चर्चा होईल."

"होऊ द्या," देवकी म्हणाली आणि सायकल थेट लकडगंजाकडे वळवली.

आरामशीनचा नुसता हलकल्लोळ चालला होता. सागाचा ओंडका करकरत चिरला जात होता, भुसा उडत होता. मधुसूदननं तिला पाहिलं आणि हातातली फळी तशीच धरून उभा राहिला.

"मी चुकले!" ती म्हणाली. त्यानं कानाला हात लावला.

"मी चुकले!" ती ओरडली. त्याला काही ऐकू जाईना. शेवटी तिनं सगळा जीव गोळा केला –

"मी चुकले! तुमच्यावाचून मले करमत नाही!"

आणि नेमक्या त्याच क्षणी धोंडबा मिस्त्रीनं मशीन बंद केली.

हमाल बघताहेत, गिऱ्हाईक बघतंय. देवकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या... आणि आपण घरच्या बोलीतलं 'मले' म्हणालो, हे तिच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

मधुसूदननं तोंड उघडलं. शब्द ओठांशी येऊन अडला. त्यानं घाईनं हात केला, "म्-मशीन चालू कर गा, धोंडबा!"

मशीन पुन्हा गरजली, आणि त्या गोंगाटात तो बोलू लागला – भराभर, न अडखळता, हातवारे करत! आवाजात त्याची जीभ मोकळी सुटायची. पण देवकीला त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ! ती हसत सुटली, मान हलवत राहिली. "काहीच ऐकू येऊन नाही राहिलं हो!" ती ओरडली.

तो थांबला. स्वतः पुढे होऊन त्यानं मशीन बंद केली आणि तिच्यासमोर आला.

"मले..." तो म्हणाला. "मले त्-त्-तुमी..."

देवकीनं त्याचं वाक्य पुरं केलं नाही. मान खाली घातली नाही, की नजर वळवली नाही. तिला कसलीच घाई नव्हती.

"...तुमी लय आ-आवडता. पहिल्या दिवसापासून. माह्याशी ल्-लग्न करसान?"

"करीन," देवकी म्हणाली. मग बोट उगारलं. "पण नाटकाच्या भाषेबद्दल माझं मत बदललेलं नाही, सांगून ठेवते!"

"ब्-बदलू नका," मधुसूदन म्हणाला, आणि भुशानं माखलेला हात त्यानं तिच्यापुढे केला. "संसार लय म्-मोठा आहे. बोलाले विषय पाहिजे नं!"

तिनं तो हात धरला.